पानपिंपळी

पानपिंपळी : (सं. पिप्पली, मागधी, कणा, हिं. पीपल, लॅ. पायपर लाँगम, कुल – पायपरेसी). मिरी व नागवेल यांच्या प्रजातीतील सुगंधी, बहुवर्षायू वेल. तिची वाळलेली कणसे बाजारात ‘पिंपळी’ किंवा ‘लेंडी पिंपळी’ म्हणून आणि मुळे ‘पिंपळमूळ’ म्हणून विकली जातात. आयुर्वेदात हजारो वर्षे वापरात असलेले हे औषध गेल्या काही दशकांत संशोधकांच्या नजरेत भरले ते मुख्यतः एका गुणामुळे : सोबत दिलेल्या दुसऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण ते वाढवते.

वर्णन : खोड बारीक, पेरेदार, पेऱ्यांना मुळे फुटतात. खालची पाने हृदयाकृती व लांब देठाची, तर वरची बिनदेठाची व खोडाला बिलगलेली असतात. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. नर कणीस लांब व सडपातळ, मादी कणीस आखूड व जाड असते. बारीक फळे कणसाच्या मांसल दांड्यात रुतलेली असल्याने मिऱ्यासारखे दाणे सुटे होत नाहीत. कणीस अखंडच वापरतात. औषधात मादी कणसे लागतात, म्हणून मळ्यात मादी वेलींचीच कलमे लावली जातात.

विदर्भातील लागवड : अंजनगाव सुर्जी (जि. अमरावती), अकोट व तेल्हारा (जि. अकोला) हे लागवडीचे प्रमुख तालुके. सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा हा पट्टा पश्चिमेकडे बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोदपर्यंत पोचतो. दक्षिणेला पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरींना खारे पाणी लागते. डोंगराच्या कुशीत मात्र गोडे पाणी व निचऱ्याची गाळाची जमीन मिळते. त्यामुळे पानमळे, संत्रा आणि केळी यांसारखी बागायत डोंगराच्या बाजूला आहे. पानमळ्यांचा परंपरागत व्यवसाय बारी समाजाचा, आणि पानपिंपळीची लागवडही बव्हंशी त्याच हातांनी जोपासली.

वेलीला अर्धी सावली, भरपूर शेणखत आणि सतत ओलावा लागतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जात असल्याने शेवरी, पांगारा यांसारखी झाडे आधाराला आणि सावलीला लावतात. कणसे पूर्ण पिकण्याआधी, काळपट हिरवी व कडक असताना, हाताने तोडतात; पिकून मऊ पडलेल्या कणसाचा तिखटपणा कमी होतो. चार-पाच दिवस उन्हात वाळवल्यावर मालाचे वजन सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येते. पाणी साचल्यास फायटोफ्थोरा बुरशीमुळे पाने गळतात आणि वेल कुजते.

जीवरसायन : तिखटपणा पायपरीन या अल्कलॉइडामुळे येतो (रेणुसूत्र सी१७एच१९एनओ३). कणसात त्याचे प्रमाण साधारण 3 ते 5 टक्के असते. डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांनी 1819 मध्ये ते मिऱ्यापासून वेगळे केले. जिभेवर ते टीआरपीव्ही१ या ग्राहीला चेतवते. मिरचीतील कॅप्सेसिनही तेच करते. हा रेणू दोन वेगळ्या वाटांनी बनतो. लायसीन या अमिनो आम्लापासून पायपरिडीन हे नायट्रोजनयुक्त कडे तयार होते, तर फेनिलअॅलनीनपासून फेरुलिक आम्लाच्या मार्गाने पायपरिक आम्लाचा भाग. दोहोंना जोडणारे ‘पायपरीन सिंथेज’ हे एंझाइम जर्मनीतील हाले येथील लायब्निट्झ वनस्पती जीवरसायन संस्थेच्या संशोधकांनी मिऱ्याच्या कोवळ्या फळांतून ओळखले. हे संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

आयुर्वेदातील उपयोग : सुंठ, मिरी व पिंपळी मिळून ‘त्रिकटू’ होते. सितोपलादी चूर्णातही पिंपळी असते. ‘चौसष्ट प्रहरी पिंपळी’ म्हणजे चौसष्ट प्रहर, अर्थात आठ दिवस व आठ रात्री, खललेले चूर्ण. ते खोकला व दम्यावर मधातून देतात. चरकसंहितेत पिंपळीला योगवाही, म्हणजे सोबतच्या द्रव्याचे गुण वाढवणारी, म्हटले आहे. त्याच ठिकाणी पिंपळी, क्षार व मीठ या तिघांचा अतिवापर टाळण्यास सांगितले आहे.

आधुनिक संशोधन : जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत (आताची भारतीय समवेत औषध संस्था) सी. के. अटल व सहकाऱ्यांनी या योगवाही गुणाचा पाठपुरावा केला. यकृत व आतड्यातील एंझाइमे बाहेरून आलेल्या औषधाचे रूप बदलून ते शरीराबाहेर टाकण्याजोगे करतात. पायपरीन त्यांचे काम मंदावते, असे त्यांनी 1985 मध्ये दाखवले. पुढे औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीनवरही त्याचा असाच परिणाम आढळला. यातूनच कॅडिला फार्मास्युटिकल्सने 2009 मध्ये ‘रिसोरीन’ हे क्षयरोगावरील औषध बाजारात आणले. त्यात 10 मिग्रॅ. पायपरीनच्या जोडीने रिफॅम्पिसीनची मात्रा 450 ऐवजी 200 मिग्रॅ. ठेवली आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिग्रॅ. पायपरीन दिल्यावर कर्क्युमिनची जैवउपलब्धता 2,000 टक्क्यांनी वाढली. मात्र एकट्याने घेतलेले कर्क्युमिन रक्तात जेमतेमच सापडते. वाढ मोठी दिसते ती या नगण्य पातळीच्या तुलनेत.

वेलीतील पायपरलाँग्युमीन हे दुसरे अल्कलॉइड निवडकपणे कर्करोगाच्या पेशी मारते, असा दावा करणारा ‘नेचर’मधील 2011 चा लेख 2018 मध्ये मागे घेण्यात आला. त्या रेणूवर अन्यत्र संशोधन चालू आहे. पिंपळी, वावडिंग व टाकणखार यांच्या ‘पिप्पल्यादी’ योगाचा गर्भनिरोधक म्हणूनही अभ्यास झाला आहे.

सावधगिरी : एंझाइमे रोखण्याच्या ज्या गुणामुळे पिंपळी उपयोगी, त्यानेच ती घातकही ठरू शकते. फेपऱ्यावरील फेनिटॉइन, दम्यावरील थिओफिलीन व रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातील पातळी पायपरीनमुळे वाढल्याचे मानवी चाचण्यांत दिसले आहे. यांपैकी पहिल्या दोन औषधांत गुणकारी व विषारी मात्रेत फारसे अंतर नसते. म्हणून अशी औषधे चालू असताना किंवा गरोदरपणी पिंपळीचे चूर्ण अथवा पायपरीनयुक्त गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजी-आमटीच्या मसाल्यात पडणारी चिमूट ही त्या मानाने फार थोडी असते.