बाणाचे पीस : एका विस्मृत निवडीचा इतिहास

संस्कृत महाकाव्ये वाचताना 'कंकपत्र', 'गार्ध्रपत्र', 'मयूरपत्री' अशी बाणांची विशेषणे वारंवार भेटतात. युद्धवर्णनाच्या ओघात ती केवळ शोभेची मानून आपण पुढे जातो. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंहावर बाण सोडू पाहणाऱ्या दिलीपाची बोटे ज्या पुंखाला चिकटून राहतात, तो कंकाच्या पिसांचा आहे. तिसऱ्या सर्गात रघू इंद्राचा ध्वज छेदतो, तो बाण मोराच्या पिसांचा आहे. कालिदासाला ही नावे कोठून मिळाली, ह्याचा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, ही विशेषणे मुळात कवीची नसून कारागिराची आहेत. बाणाला कोणते पीस लावावे, ह्याविषयीचे एक संपूर्ण शास्त्र त्यांच्यामागे उभे आहे.

हा संबंध फार जुना आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तरावे सूक्त युद्धसाहित्याच्या स्तुतीचे आहे; त्यात बाणाने सुपर्णाचे, म्हणजे मोठ्या शिकारी पक्ष्याचे, पीस पांघरल्याचे वर्णन येते. पुढे 'पत्रिन्' हा एकच शब्द पक्षी आणि बाण ह्या दोहोंचा वाचक झाला आणि अमरकोशाने ते दोन्ही अर्थ नोंदवले.

पिसाचे काम काय? प्रत्यंचेतून सुटलेला बाण प्रथम वाकतो, थरथरतो आणि त्याची शेपटी डोलू लागते. मागे बसवलेली पिसे हवेचा अडथळा निर्माण करून ती शेपटी पुन्हा सरळ रेषेत आणतात. धनुष्याला घासून जाताना पीस दबले पाहिजे आणि लगेच पूर्ववत उभे राहिले पाहिजे. पिसाचे तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात. ते विस्कटले तरी बोटाने सारखे करता येतात. हलकेपणा, ताठपणा आणि लवचिकपणा हे तिन्ही गुण एकत्र असलेली पिसे मुख्यतः पंखाच्या कडेची उड्डाणपिसेच होत. अंगावरची मऊ पिसे ह्या कामी निरुपयोगी. कारागीर पिसाचा कणा मधोमध चिरतो, तासून पातळ करतो आणि रुंद बाजूची पट्टी बाणाला बसवतो. डाव्या व उजव्या पंखाच्या पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो. म्हणून एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची पिसे लावावी लागतात, नाहीतर ती बाणाला उलटसुलट फिरवू पाहतात.

हे ध्यानात घेतले म्हणजे 'मयूरपत्र' ह्या शब्दाचाही उलगडा होतो. आपल्या डोळ्यांपुढे लगेच डोळ्याची नक्षी असलेला पिसारा येतो. परंतु त्या पिसाऱ्याचे तंतू सुटे व विरळ असतात. हवा त्यांतून निघून जाते. बाणाला उपयोगी पडते ते मोराच्या पंखातील तांबूस-तपकिरी, घट्ट विणीचे पीस.

शार्ङ्गधरपद्धती हा 1363 साली सिद्ध झालेला संग्रह. पीटर पीटर्सन ह्यांनी तो 1888 मध्ये मुंबईत प्रकाशित केला. त्यातील धनुर्वेदप्रकरणात उत्तम पिसांच्या पक्ष्यांची यादीच आहे : कावळा, हंस, ससा मारणारा ससाणा, मासे खाणारे पक्षी, क्रौंच, मोर, गिधाड आणि कुरर. प्रत्येक बाणास चार पिसे लावावीत, ती स्नायूच्या तंतूंनी घट्ट बांधावीत आणि त्यांची लांबी सहा अंगुळे असावी. मात्र शार्ङ्ग, म्हणजे शिंगाच्या धनुष्याच्या बाणास दहा अंगुळे, असा दंडक तेथे सांगितला आहे. कंकाविषयी अमरकोश 'लोहपृष्ठ' असा पर्याय देतो. पाठ लोखंडाच्या रंगाची, ह्या खुणेवरून अनेक अभ्यासकांनी तो राखी बगळा मानला आहे.

ह्या यादीतील गिधाडाचे स्थान विशेष आहे. त्याचे उड्डाणपीस लांब, रुंद व ताठ असते, एका पिसातून पट्ट्याही अधिक निघतात. शिवाय ते मिळवण्यासाठी पक्षी मारावा लागत नाही; मेलेल्या जनावराभोवती जमलेले थवे उडून गेल्यावर गळालेली पिसे मागे राहतात.

इंग्लंडमध्ये रॉजर ॲस्कॅम ह्याने 1545 मध्ये धनुर्विद्येवरील आपल्या ग्रंथात हंसजातीय पक्ष्याचे पीस सर्वश्रेष्ठ ठरवले आणि मोराचे पीस जड व खरबरीत म्हणून बाजूला सारले. दिखाव्यासाठी ते घेतलेल्यांनी पुढे सोडून दिले, असे तो सांगतो. आपल्या धनुर्वेदाने मात्र मोराला मान्यता दिली. बाणाची दांडी, धनुष्य आणि आसपासचे पक्षी वेगळे, म्हणून अनुभवही वेगळा.

आपणां माळवेकरांना हा विषय केवळ पोथीपुरता नाही. झाबुआ-आलीराजपूरच्या डोंगरांतील भिल्लांनी धनुष्यबाणाची परंपरा जपली. त्यांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिवट पट्टीची असते. विसाव्या शतकाच्या आरंभी माळव्यातील भिल्लांची माहिती संकलित करणाऱ्या कॅप्टन लुआर्ड ह्यांनी मोरी कुळाचे लोक मोराला पूज्य मानतात, अशी नोंद केली. एकाच्या दृष्टीने जे बाणाचे साहित्य, ते दुसऱ्याच्या दृष्टीने दैवत.

राजस्थान-गुजरातेत 'तीरगर' हे बाण घडवणाऱ्यांच्या जातीचे नाव अजून ऐकू येते. बंदुकीने त्यांचा व्यवसाय केव्हाच हिरावून घेतला. पुढे पक्ष्यांवरही पाळी आली. मोर 1963 मध्ये राष्ट्रीय पक्षी झाला आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय मिळाले. गिधाडाचे नशीब मात्र निराळे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक ह्या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. 1992 ते 2007 ह्या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली. पशुवैद्यकात ह्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली; तोवर गावागावांचे थवे नाहीसे झाले होते.

महाभारताच्या युद्धपर्वांत गिधाडाच्या पिसांचे बाण पदोपदी सुटतात. 'गार्ध्रपत्र' म्हणजे काय, असे विचारणाऱ्या मुलाला आपले आजोबा आकाशाकडे बोट दाखवून उत्तर देऊ शकत होते. आजच्या मुलाला ते उत्तर कोशातच शोधावे लागते. म्हणूनच जुने कोश आणि टीकाग्रंथ जपून ठेवणाऱ्या ग्रंथालयाची जबाबदारी वाढली आहे : आकाशातून गेलेल्या पक्ष्याचा आणि हातातून गेलेल्या विद्येचा निदान अर्थ तरी पुढच्या पिढीला येथे मिळावा.