पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत थरथरतं, मग त्यावरून भूकंप आधी कळतो का?

मोठा भूकंप झाला की 'चुंबकीय क्षेत्रात आधीच बदल दिसले होते' असे मेसेज फिरू लागतात. दिसले असतीलही. पण असे बदल जवळपास रोजच दिसतात!

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची ताकद जमिनीवर साधारण 25,000 ते 65,000 नॅनोटेस्ला असते. त्यात होणारी थरथर मात्र बहुतेक वेळा अगदी बारीक, कधी एका नॅनोटेस्लापेक्षाही कमी. एक हेलकावा 0.2 सेकंदापासून 10 मिनिटांपर्यंत चालतो. याला म्हणतात भूचुंबकीय स्पंदनं.

ही थरथर येते कुठून?

मुख्यतः सूर्याकडून. तिथून येणारा विद्युतभारित कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो आणि चुंबकीय बलरेषा तानपुऱ्याच्या तारांसारख्या झंकारतात. त्यातल्या 'पीसी-5' या संथ स्पंदनांवर अवकाशशास्त्रज्ञांचं खास लक्ष असतं, कारण त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगवान होऊन उपग्रहांचं नुकसान करू शकतात.

मग भूकंपाचं काय?

या दाव्याचं मूळ बरंचसं कॅलिफोर्नियात आहे. 17 ऑक्टोबर 1989 ला तिथे लोमा प्रिएटा भूकंप झाला, तीव्रता 6.9. केंद्रापासून सुमारे 7 किलोमीटरवरच्या एका उपकरणाने त्याआधी काही दिवस वाढलेली थरथर नोंदवली होती आणि शेवटच्या तीन तासांत तर ती खूपच वाढली. वीस वर्षं हे उदाहरण सगळीकडे दिलं गेलं. 2009 मध्ये मात्र नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. एका अभ्यासाच्या मते तो बहुधा उपकरणातला बिघाड होता, दुसऱ्याच्या मते सूर्यामुळे होणारी नेहमीचीच हालचाल.

म्हणून एकाच केंद्रावरची नोंद पुरेशी नसते. सूर्यामुळे झालेली हालचाल दूरदूरच्या केंद्रांवरही दिसते. एकाच ठिकाणी दिसली तर आधी आजूबाजूला बघावं लागतं. अगदी ट्रामसुद्धा घोळ घालते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणूनच कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवलं गेलं.

जमिनीखालचं काहीतरी या स्पंदनांवरून कळतं, हे खरं. ती खोलवर शिरतात तेव्हा तिथल्या खडकांमधून वीज किती सहज वाहते याचा अंदाज बांधता येतो. कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी हीच पद्धत वापरली आहे. त्यातून खडकांची रचना समजते, भूकंपाची तारीख नाही.