सळ, सिरा आणि पेटा : हिशेबी कागदांतील मांडणीचा अर्थ

जुन्या मराठी हिशेबी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा अक्षरांवर खिळलेले असते. मोडीचे वळण, संक्षेप व आकडे यांचा उलगडा झाला म्हणजे कागद वाचला, असे मानले जाते. परंतु हिशेबी कागदात अक्षराइतकाच त्याच्या जागेलाही अर्थ असतो. मोडीत प्रथम आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जात. शब्दांमध्ये अंतर सोडण्याचा अथवा विरामचिन्हे देण्याचा प्रघात नव्हता. अशा लेखनात कोणती रक्कम कोणत्या रकमेच्या पोटात मोडते, हे सांगण्याचे काम ‘पैकी’, ‘तपशील’ यांसारखे शब्द आणि रकमेचे स्थान या दोहोंना करावे लागे.

व्यापाऱ्यांच्या देशी नाम्यात ही व्यवस्था अधिक काटेकोर झालेली दिसते. कीर्दीच्या वहीत रेघा आखीत नसत. पानास घड्या घालून आठ सळ पाडीत. डावीकडील चार सळ जमेचे व उजवीकडील चार नावेचे. प्रत्येक बाजूचा पहिला सळ तो सिरा. त्यात मुख्य रक्कम येई. उरलेले तीन पेट्याचे; त्यांत तपशील येई. घडी पानाच्या माथ्यापासून तळापर्यंत जात असल्यामुळे तपशील एका ओळीचा असो वा पाच ओळींचा, त्याची प्रत्येक ओळ आपल्या सळातच राही.

शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत 1895 मध्ये वसलेल्या शाहूपुरीच्या गूळपेठेतील एक काल्पनिक नोंद उदाहरणादाखल घेता येईल. सिऱ्यात 1,000 रुपये जमा. पेट्यात त्याचे दोन भाग, 600 व 400. आणि 400 च्या पोटात, आणखी एक सळ आत, 250 व 150. हीच नोंद सळ न पाळता उतरविली, तर तपशिलाचे चारही आकडे एका पातळीवर येतात आणि त्यांची बेरीज 1,400 होते. एकही अक्षर चुकलेले नसते. तरी हिशेब चुकलेला असतो. महसुलाच्या कागदाची अशी गत झाली, तर त्यावर उभारलेले उत्पन्नाचे अनुमानही फुगते.

हाच प्रश्न विसाव्या शतकात संगणकाच्या क्षेत्रात निराळ्या वेषाने उभा राहिला. जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये आरंभिलेल्या लिस्प भाषेत याद्यांच्या पोटात याद्या येतात व त्यांची उतरंड कंस दाखवितात. आत सरकवून केलेली मांडणी तेथे केवळ वाचकाच्या सोयीसाठी असते. उलट, 1991 मध्ये प्रसृत झालेल्या पायथन भाषेत विधानांचे गट ओळीच्या आरंभीच्या अंतरावरूनच ठरतात. देशी नाम्याचे नाते या दुसऱ्या प्रकाराशी आहे. अशी उतरंड छापताना होणारा एक दोषही परिचित आहे : आतील यादीची पहिली ओळ योग्य जागी पडते, पण पुढील ओळी पुन्हा समासाशी येतात, कारण आतील भाग छापणाऱ्या क्रियेला आपण किती खोल आहोत, हे ठाऊक नसते. उपाय एकच. वरच्या पातळीने आपली खोली खालच्या पातळीस कळवावी आणि प्रत्येक नव्या ओळीचा आरंभ तेवढे अंतर सोडून व्हावा. वहीच्या घडीने हेच कार्य निमूटपणे केले होते.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी दप्तरावर काम करणाऱ्यांस यातून एक व्यावहारिक नियम हाती लागतो. हिशेबी कागदाचे लिप्यंतर करताना प्रत्येक रकमेबरोबर तिची पातळी आकड्याने नोंदवावी. कोऱ्या जागेवर विसंबू नये, कारण नकलेत व छपाईत प्रथम नाहीशी होते ती कोरी जागाच. त्यानंतर पोटरकमांची बेरीज वरच्या रकमेशी ताडून पाहावी. ती जुळली नाही, तर मूळ लेखकास दोष देण्यापूर्वी मांडणी तपासावी. मूळ कागद जीर्ण होऊन गेल्यावर ही तपासणी कोणालाही करता येणार नाही.