सेअर्सबाईंच्या रहस्यकथा आणि सुताराचे टेबल

पहिल्या महायुद्धानंतरची वीस वर्षे हा इंग्रजी रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानला जातो. या काळातल्या लेखकांत धार्मिक मंडळी बरीच होती. फादर ब्राउन हा पाद्री-गुप्तहेर निर्माण करणारे जी. के. चेस्टरटन १९२२ साली कॅथलिक झाले. रोनाल्ड नॉक्स तर स्वतःच कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, तेही बायबलमधल्या दहा आज्ञांच्या थाटात. मात्र रहस्यकथा आणि धर्मचिंतन यांचा सांधा नेमका कुठे जुळतो, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते डोरोथी एल. सेअर्स यांच्या लेखनात.

सेअर्स यांचा जन्म १८९३ साली ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील अँग्लिकन धर्मगुरू होते. बालपण पूर्व इंग्लंडच्या सपाट, पाणथळ फेन प्रदेशातल्या ब्लंटिशम गावी गेले. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजातले शिक्षण १९१५ साली पहिल्या वर्गात पुरे झाले, पण विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. ती १९२० साली हातात पडली. पुढे लंडनच्या बेन्सन या जाहिरात संस्थेत त्यांनी जवळपास दशकभर मजकूर लिहिला. कोलमनच्या मोहरीसाठी चालवलेला ‘मस्टर्ड क्लब’ त्या काळी गाजला होता, त्यात त्यांचा मोठा हात होता. या नोकरीतूनच ‘मर्डर मस्ट अ‍ॅडव्हर्टाइज’ (१९३३) ही कादंबरी निघाली.

लॉर्ड पीटर विम्सी हा त्यांचा उमराव गुप्तहेर १९२३ साली ‘हूज बॉडी?’मध्ये अवतरला. १९३० साली लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ सुरू झाला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष, सेअर्स पहिल्या सदस्यांपैकी एक आणि १९४९पासून अखेरपर्यंत अध्यक्ष. नव्या सदस्याला शपथ घ्यावी लागे. गुप्तहेराने रहस्य सोडवायचे ते स्वतःच्या बुद्धीने, त्यासाठी साक्षात्कार, योगायोग किंवा ‘देवाची करणी’ यांचा आधार घ्यायचा नाही, महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवायचा नाही. देवावर श्रद्धा असलेले लोक कथेत मात्र देवाला मध्ये पडू देत नव्हते, ही गंमतच. पण त्यात विसंगती नव्हती. हा वाचकाशी केलेला करार होता आणि तो मोडणे म्हणजे कामात लबाडी करणे.

‘द नाइन टेलर्स’ (१९३४) ही त्यांची बहुधा सर्वांत घट्ट विणीची कादंबरी. फेनमधले गाव, तिथले भव्य चर्च, गणिती क्रमाने घंटा वाजवण्याची इंग्रजी पद्धत आणि दुसऱ्याच कोणाच्या थडग्यात सापडलेले प्रेत, असा तिचा पसारा आहे. यात घंटा केवळ सजावटीसाठी नाहीत. त्याहून जास्त सांगणे वाचकावर अन्याय ठरेल.

१९३७ साली कँटरबरी कॅथीड्रलच्या उत्सवासाठी त्यांनी ‘द झील ऑफ दाय हाउस’ हे नाटक लिहिले आणि त्यानंतर लेखणी धर्माकडे वळली. डिसेंबर १९४१पासून बीबीसीने प्रसारित केलेल्या ‘द मॅन बॉर्न टू बी किंग’ या बारा नाटिकांत येशूचे शिष्य रोजच्या बोलीत बोलतात, खुद्द येशूचा आवाज नट देतो. यावर गदारोळ झाला, संसदेत प्रश्न आला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपानच्या हाती पडले ते या पापामुळेच, असाही शोध काही विरोधकांनी लावला!

या लेखनामागचा विचार ‘व्हाय वर्क?’ या १९४२च्या भाषणात सापडतो. चर्च सुताराला सांगते, दारू पिऊ नको आणि रविवारी प्रार्थनेला ये. सेअर्स यांच्या मते त्याला आधी सांगायला हवे की टेबल चांगले कर, कारण धर्माची पहिली मागणी तीच आहे. ‘द माइंड ऑफ द मेकर’ (१९४१) या पुस्तकात त्यांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा ख्रिस्ती त्रैक्याचा सिद्धांत लेखकाच्या निर्मितिप्रक्रियेवरून उलगडला: कल्पना, तिला आकार देणारी कृती आणि वाचकाच्या मनावर होणारा परिणाम, तिन्ही मिळून एकच कलाकृती. याच पुस्तकात त्यांनी आपल्या जुन्या धंद्याची मर्यादाही दाखवली. रहस्यकथेतले कोडे सुटणारच असते, पूर्ण सुटते, ज्या चौकटीत मांडले त्याच चौकटीत सुटते आणि सुटले की संपते. मृत्यू, बेकारी, युद्ध ही कोडी नव्हेत. त्यांना एकच बिनचूक उत्तर मागणारा माणूस जगण्याला रहस्यकथा समजून बसतो.

१९४३ साली कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी देऊ केलेली धर्मशास्त्राची मानद डॉक्टरेट त्यांनी नाकारली. अखेरची वर्षे इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या तीन भागांच्या महाकाव्याच्या अनुवादात गेली. ‘नरक’ १९४९ साली आणि ‘शुद्धिलोक’ १९५५ साली प्रसिद्ध झाले. ‘स्वर्ग’ अर्धवट असतानाच, डिसेंबर १९५७मध्ये विटहॅम येथे त्यांचे निधन झाले. उरलेला अनुवाद त्यांची मैत्रीण आणि इटालियनची अभ्यासक बार्बरा रेनॉल्ड्स यांनी पुरा केला. तो १९६२ साली प्रकाशित झाला.