माहीमच्या चित्रातले दोन देवदूत

माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये दर बुधवारी ज्या चित्रापुढे नोव्हेना या प्रार्थनेसाठी गर्दी लोटते, ते मुळात क्रीट बेटावरच्या ग्रीक परंपरेतले, पंधराव्या शतकातले आयकॉन, म्हणजे पूजेचे पवित्र चित्र आहे. मूळ लाकडी फलक रोममध्ये आहे. पोप नववे पायस यांनी तो रिडेम्प्टोरिस्ट संघाकडे सोपवला आणि 1866 पासून त्याच्या प्रती जगभर पसरल्या. माहीमची नोव्हेना 1948 साली सुरू झाली. भाविकांची नजर मारिया आणि बाळ येशूवरच खिळते. वरच्या कोपऱ्यांतल्या छोट्या देवदूतांकडे फारसे कोणी पाहत नाही, पण त्यांच्यावाचून चित्राचा अर्थ लागत नाही.

डावीकडचा मीखाएल भाला, काठीवरचा स्पंज आणि आंबेचे भांडे घेऊन आला आहे. उजवीकडच्या गब्रीएलाकडे क्रूस व खिळे आहेत. बाळ मान वळवून त्या क्रूसाच्या बाजूला पाहते, आईचा हात घट्ट धरते. पायातली चप्पल निसटली आहे. दोन्ही देवदूतांचे हात वस्त्राखाली झाकलेले आहेत. सम्राटासमोर न्यायच्या वस्तूला उघडा हात लावायचा नाही, ही बायझंटाइन दरबाराची रीत. म्हणजे ही छळाची साधने धमकी म्हणून आणलेली नाहीत, राजचिन्हांसारखी आदराने धरलेली आहेत.

पाश्चात्त्य चित्रांतला मीखाएल चिलखत घालून सैतानाला तुडवतो, कधी हाती तराजू धरतो. गब्रीएल लिलीचे फूल घेऊन मारियेला जन्माची वार्ता सांगतो. इथे तोच गब्रीएल मरणाची वार्ता आणतो आणि योद्ध्याच्या हातचा भाला शत्रूसाठी नसून येशूच्याच कुशीत शिरणार आहे.

रंगांत सोनेरी पार्श्वभूमी महत्त्वाची. तिथे आकाश नाही, दिवस-रात्र नाही, सावली नाही. तो दैवी प्रकाश. येशूच्या पुनरुत्थानाच्या चित्रांत देवदूत शुभ्र असतो, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याचे वस्त्र बर्फासारखे पांढरे म्हटले आहे. मध्ययुगीन पश्चिमेत देवदूतांच्या वर्गांपैकी सेराफीम तांबडे, प्रेमाग्नीचे, आणि करूबीम निळे, ज्ञानाचे, असा संकेत रुळला. मीखाएल-गब्रीएल या महादूतांना मात्र असा पक्का नियम नाही. रंगांची कोष्टके देणाऱ्या पुस्तकांवर फार विसंबू नये. पंखही आरंभापासूनचे नाहीत. रोममधल्या प्रिसिलाच्या दफनभुयारातल्या चित्रातला देवदूत बिनपंखांचा आहे. पंख चौथ्या शतकाच्या अखेरीस आले.

झग्याचा रंग चित्रकारागणिक बदले, म्हणून देवदूतांशेजारी त्यांच्या नावांची ग्रीक आद्याक्षरे लिहीत. या आयकॉनवरही ती आहेत.