छायाचित्राखालचे नाव : आनंदीबाई जोशी यांची प्रतिमा आणि चरित्रे

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेला आपल्या प्रजेची जी नवी ओळख करून घ्यावीशी वाटली, तिच्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ सिद्ध झाला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादिलेल्या आणि १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या त्याच्या आठ खंडांतील बहुतेक छायाचित्रांखाली व्यक्तीचे नाव नसून जात, जमात किंवा धंदा दिलेला आहे. वंशवर्णनपर छायाचित्रण, म्हणजे एका माणसाला त्याच्या समूहाचा नमुना म्हणून टिपणे, ही त्या ग्रंथाची पद्धत होती.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात टिपलेले छायाचित्र या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. त्यात पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबुली आपापल्या देशीच्या पोशाखात दिसतात. त्या वेशांमागे यजमानांचे कुतूहल मुळीच नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण आपली कीर्ती आशियापर्यंत पोचली हे मिरवण्यात महाविद्यालयालाही रस असणारच. तरीही प्रत्येकीचे नाव आणि गाव चित्राखाली आहे, आणि तेवढ्यानेच पाहणाऱ्याचे नाते बदलते. (आनंदीबाईंच्या नावापुढे मात्र पुणे नसून, त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते ते बंगालमधील श्रीरामपूर आहे, आणि तेही अशुद्ध छापलेले.)

आनंदीबाईंच्या ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती, परंतु त्या पदावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांचे पुण्यात क्षयाने निधन झाले. त्याच वर्षी फिलाडेल्फियात निघालेल्या रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाला महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत या मृत्यूची नोंद आहे.

छायाचित्राने दिलेला मान शब्दांनी पुढे नेला तो दोन भाषांत. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनमध्ये निघाले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंच्या पत्रांचा आधार घेऊन चरित्र लिहिले. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या लेखिकेने दुसऱ्या स्त्रीच्या ज्ञानलालसेचा असा मागोवा घ्यावा, याला चरित्रवाङ्मयात वेगळे मोल आहे, कारण पत्रांमुळे आनंदीबाईंची थंडीशी, आहाराशी आणि पतीच्या कठोर बोलण्याशी चाललेली झुंज त्यांच्याच शब्दांत वाचकापुढे येते. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने त्यांना घराघरांत पोचवले हे खरे. मात्र गोपाळरावांच्या विक्षिप्त, आग्रही स्वभावाचे चित्र त्या कादंबरीत इतके ठसठशीत उतरले आहे, की पत्रांमधून बोलणारी आनंदीबाई तिथे पुष्कळदा मागे पडते.