फटीतून निवणारी ज्वाळा
वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये जाड भिंतींच्या, चारही बाजूंनी बोल्ट आवळलेल्या फ्लेमप्रूफ पेट्या तयार होतात. त्यांत स्विच, दिवे, तारांचे जोड बसतात. रासायनिक कारखान्यांत सर्रास दिसणाऱ्या या पेटीचं मूळ मात्र कोळशाच्या खाणीत आहे.

पेटी हवाबंद असते, हा मोठा गैरसमज. ज्वालाग्राही वायू आत शिरणार, ठिणगी पडणार, आत स्फोट होणार, हे सारं गृहीत धरूनच ती घडवतात. पेटीनं फुटायचं नाही, आणि झाकणाच्या रुंद काठांमधल्या बारीक फटीतून बाहेर येणारा जाळ वाटेतच निववायचा. 1815 मध्ये हम्फ्री डेव्हीनं खाणीच्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली, तीही ज्वाळेची उष्णता शोषणारीच. पुढे जर्मनीत कार्ल बायलिंगनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायूभरल्या पेट्यांत मुद्दाम स्फोट घडवले आणि काठ किती रुंद, फट किती बारीक हवी, ते पारखलं. मिथेनचा जाळ साधारण 1.14 मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीतून पलीकडचा वायू पेटवू शकत नाही. नियमात मात्र त्याहून बरीच कमी फट चालते. फरक हातचा राखलेला.

तरीही मोटार आणि स्विच सांभाळून भागत नव्हतं. 14 ऑक्टोबर 1913 रोजी वेल्समधल्या सेंघेनीडच्या खाणीत स्फोट होऊन 439 कामगार दगावले. संशय आला तो इशाऱ्याच्या विजेच्या घंटीवर. उघड्या तारा एकमेकींना टेकवल्या की घंटी वाजे, आणि तेवढीच ठिणगी पुरेशी असे. ठिणगीतली ऊर्जाच वायू पेटवण्याइतकी उरू द्यायची नाही, हा विचार अशा घंट्यांच्या अभ्यासातून पक्का झाला.

भारतात खाण निरीक्षणाचं सरकारी कार्यालय 1902 मध्ये कोलकात्यात उघडलं आणि काही वर्षांनी धनबादला गेलं. 1956 च्या भारतीय वीज नियमांत खाणी आणि तेलक्षेत्रांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातला एक आकडा विसरता येत नाही: हवेत ज्वालाग्राही वायू 1.25 टक्क्यांवर गेला की वीज ताबडतोब तोडायची. मिथेन पेट घेतो साधारण 5 टक्क्यांपासून. म्हणजे धोका चौपट दूर असतानाच काम थांबतं. उत्पादनाचा तगादा असताना हे पाळायला धैर्य लागतं, आणि ते कामगारांच्या भरवशावर सोडलं नाही हे योग्यच झालं. 2010 आणि 2023 मध्ये नियम नव्यानं आले, तरी खाणींची वेगळी दखल कायम राहिली.

महाराष्ट्रात हे नियम मुख्यतः लागतात ते विदर्भात: चंद्रपूर, बल्लारपूर, सावनेरच्या भूमिगत खाणींत. तिथल्या पेट्यांत हलक्या मिश्रधातूंवर बंधन असतं, कारण ॲल्युमिनियम गंजलेल्या लोखंडावर आपटलं तर ठिणगी उडते. तपासणीत फीलर गेजची पातळ पात झाकणाच्या काठात सरकवून बघतात. पात ठरल्यापेक्षा आत गेली, किंवा दहांपैकी एक बोल्ट जागेवर नसला, तर ती पेटी फ्लेमप्रूफ उरत नाही.